बोटांनी जपलेली कांजी

टोकियोत एखादा माणूस अर्ज भरताना मध्येच अडतो. हवं असलेलं कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेलं, चिन्ह छापलेलं दिसलं असतं तर त्याने क्षणात वाचलं असतं, पण लिहायला ते आठवत नाही. मग तो तर्जनीने तळहातावर किंवा हवेतच रेघा ओढतो आणि बऱ्याचदा चिन्ह सापडतं. या सवयीला जपानीत 'कूशो' म्हणतात.

1980च्या दशकात मासातो सासाकी आणि आकिरा वातानाबे या मानसशास्त्रज्ञांनी ती तपासली. चिन्हाचे सुटे भाग सांगून पूर्ण कांजी ओळखायला लावली, तेव्हा बोट फिरवू दिलेल्यांना ती अधिक सहज जमली. रेघांचा ठरलेला क्रम शाळेत इतका घोटला जातो, की आठवणीचा एक धागा हाताच्या हालचालीतच गुंफला जातो.

मेंदूच्या आजारांतून हे आणखी स्पष्ट होतं. डाव्या मेंदूच्या खालच्या-मागच्या भागाला इजा झालेले काही जपानी रुग्ण कांजी वाचतात, पण लिहू शकत नाहीत. ध्वनी दाखवणारी काना अक्षरं मात्र त्यांना लिहिता येतात. उलट, वाचन गमावलेले काही रुग्ण अक्षरावरून बोट फिरवलं की ते ओळखतात. डोळ्यांची वाट बंद झाली तरी हाताची उघडी असते!

ही वाट वापराविना बुजते आहे. तोशिबाने 1978 मध्ये पहिला जपानी वर्ड प्रोसेसर आणला. तेव्हापासून उच्चार टाइप करायचा आणि समोर आलेल्या कांजींतून हवी ती निवडायची, एवढंच काम उरत गेलं. हाताने अचूक कांजी लिहिण्याची क्षमता कमी झाली, असं सरकारी पाहणीत 2001च्या सुमारास 41 टक्के लोक म्हणत होते. दहा वर्षांनी 66 टक्के म्हणू लागले.

2010 मध्ये नित्य वापराच्या कांजींची यादी 1945 वरून 2136 वर गेली. तीत 29 रेघांचं, खिन्नतेच्या शब्दातलं 'उत्सु' हे चिन्हही आलं. यादीतली प्रत्येक कांजी हाताने लिहिता आलीच पाहिजे असं नाही, हेही तेव्हा मान्य झालं. मोठ्यांसाठी ही सवलत रास्तच आहे. 29 रेघा न आठवणाऱ्या कारकुनाला अडाणी कोण म्हणेल?

मुलांना मात्र ती लागू करू नये. प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत 1026 कांजी शिकवतात. त्या-त्या इयत्तेची चिन्हं त्याच वर्षी वाचता यावीत आणि लिहिण्यात पुढच्या वर्षापर्यंत मुरावीत, अशी अभ्यासक्रमाची रचना आहे. वाचण्यापेक्षा लिहायला जास्त काळ लागतो, हे त्यात गृहीतच धरलंय. आता वर्गावर्गांत टॅब्लेट आले आहेत. ते जरूर वापरावेत, पण हे मुरण्याचं वर्ष पेन्सिलीकडेच राहिलं पाहिजे.