स्क्वॉश कोर्टाची चावी

३० सप्टेंबर २०२३ ला हांगझोउमध्ये अभय सिंगने नूर झमानला पाचव्या गेममध्ये १२-१० असं हरवलं, तेव्हा आमच्या कोर्समेट्सच्या ग्रुपवर दिवाळी झाली. एशियन गेम्सची सांघिक फायनल, समोर पाकिस्तान. पहिली मॅच आपल्या मुंबईच्या महेश माणगावकरने गमावलेली, दुसरी सौरव घोषालने जिंकून बरोबरी साधलेली, आणि शेवटच्या गेममध्ये अभय ८-१० ने मागे. दोन मॅच पॉइंट वाचवून पोरगं जिंकलं. नूर झमान म्हणजे ब्रिटिश ओपन जिंकलेल्या कमर झमानचा नातू. तोफखान्यापासून सिग्नल्सपर्यंत सगळ्यांनी तिरंगे टाकले. मीही टाकले.

त्यानंतर सोळाच दिवसांनी, मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अधिवेशनात, स्क्वॉशला २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये प्रवेश मिळाला. क्रिकेटलाही मिळाला, त्यामुळे आपल्याकडच्या बातम्यांत स्क्वॉशच्या वाट्याला अर्धं वाक्य आलं. पण ज्यांना या खेळाची आस्था आहे त्यांनी लगेच पदकं मोजायला घेतली. गेल्या डिसेंबरमध्ये चेन्नईत हाँगकाँगला हरवून आपण स्क्वॉशचा वर्ल्ड कप जिंकला, तेव्हा तर मोजणी पक्कीच झाली. आता ऑलिम्पिकचं पदक फक्त आणून ठेवायचं बाकी आहे, असा एकंदर सूर आहे.

मला हा सूर मान्य नाही. कारण साधं आहे. लॉस एंजेलिसला स्क्वॉशमध्ये फक्त एकेरी आहे, पुरुषांची आणि महिलांची. सांघिक नाही, दुहेरी नाही, मिश्र दुहेरीही नाही. आणि आपली सोन्याची पदकं काढून बघा. २०१४ ला ग्लासगोच्या कॉमनवेल्थ गेम्समध्ये दीपिका पल्लिकल आणि जोश्ना चिनप्पा: महिला दुहेरी. त्याच वर्षी इंचॉनला पुरुष संघ. हांगझोउला पुन्हा पुरुष संघ, आणि दीपिका व हरिंदरपाल संधू यांची मिश्र दुहेरी. एशियन गेम्समध्ये स्क्वॉश १९९८ पासून आहे. इतक्या वर्षांत एकेरीचं एकही सुवर्ण आपल्याला मिळालेलं नाही. सौरव दोनदा फायनलला पोचला. इंचॉनला कुवेतच्या अब्दुल्ला अल मुझायनविरुद्ध पहिले दोन गेम जिंकून हरला, हांगझोउला मलेशियाच्या इंग इअन यो याने त्याला हरवलं. महिला एकेरीत आपली कुणी फायनलसुद्धा खेळलेली नाही. कॉमनवेल्थमध्ये एकेरीचं आपलं एकमेव पदक म्हणजे २०२२ चं सौरवचं बर्मिंगहॅममधलं ब्राँझ. हा माणूस पंधरा-सोळा वर्षं एकट्याच्या खांद्यावर आपली एकेरी वाहत होता. २०२४ मध्ये तो व्यावसायिक स्क्वॉशमधून निवृत्त झाला.

सांघिक सुवर्णाला तीन चांगले खेळाडू पुरतात. दुहेरीला दोन अनुभवी आणि एकमेकांना ओळखणारे. एकेरीचा विजेता तयार व्हायला मात्र आधी शेकडो पोरं रोज कोर्टावर लागतात, एकमेकांना हरवणारी, एकमेकांना रडवणारी. अनाहत सिंग हांगझोउला गेली तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि दोन ब्राँझ घेऊन आली. गुणी मुलगी आहे, लॉस एंजेलिसला तिच्याकडून मलाही आशा आहे. पण तिच्या वयाच्या, तिला घाम फोडतील अशा किती मुली देशात आहेत? आपले बहुतेक मोठे खेळाडू चेन्नईच्या एका अकादमीत घडले किंवा तिथे जाऊन राहिले. बाकीचे कोलकाता, दिल्ली, मुंबईच्या क्लबांतून आले. एकशे चाळीस कोटींच्या देशाचा हा खेळ मोजून चार शहरांत मावतो.

तो कायम तसाच होता. १९७७ ते १९८२ या काळात पुरुषांचे राष्ट्रीय विजेते होते आपल्या ईएमई कोअरचे अधिकारी राज मनचंदा, सहा वेळा. महिलांत १९७७ पासून सलग सोळा वर्षं अलवरच्या राजघराण्यातल्या भुवनेश्वरी कुमारी. एक लष्करी अधिकारी आणि एक राजकन्या. दोघांच्या कर्तृत्वाला सलाम, दोघेही अर्जुन पुरस्काराचे मानकरी. पण ही जोडी पाहिली की हा खेळ कुणाच्या घरात राहत होता हे कळतं. मनचंदा सरांचं नाव आम्ही मोठ्या अभिमानाने घेतो. त्यांच्यानंतर फौजेतून त्यांच्या तोडीचा दुसरा का आला नाही, हे मात्र मेसमध्ये कुणी विचारत नाही.

इथून पुढचं थोडं घरातलं भांडण आहे. सगळी मतं माझी वैयक्तिक आहेत, हे वेगळं सांगायला नको.

खडकवासल्याला येईपर्यंत स्क्वॉश म्हणजे पाहुणे आले की पाण्यात घालून द्यायचं संत्र्याचं सरबत, एवढंच मला ठाऊक होतं. एनडीएत तो खेळ दिसला, स्क्वॉड्रनसाठी खेळलो आणि त्याची चटक लागली. त्यानंतर जिथे जिथे पोस्टिंग झालं तिथे सामान लागायच्या आधी मी कोर्ट शोधलं आहे. काश्मीरच्या हिवाळ्यात चेंडू उसळतच नाही, दहा मिनिटं नुसता भिंतीवर बडवून गरम करावा लागतो. पण कोर्ट बहुतेक ठिकाणी सापडतं. इंग्रजांनी छावणी वसवली की चर्च, क्लब आणि मेसच्या मागे स्क्वॉश कोर्ट बांधायचं हे ठरलेलं होतं, आणि आपणही नंतर तीच पद्धत चालू ठेवली. काही कोर्टं झकास आहेत. काहींत मोडक्या खुर्च्या, जुने गालिचे आणि रेझिंग डेच्या कमानीचे बांबू ठेवलेले असतात. आणि जवळजवळ प्रत्येक कोर्टाला कुलूप असतं. संध्याकाळी सहा-सव्वासहाला दोन साहेब येतात, पाऊण तास खेळतात, पुन्हा कुलूप. कित्येक दिवस तेही येत नाहीत.

राजस्थानातल्या एका स्टेशनवर एका हवालदाराची दहा-अकरा वर्षांची मुलगी वरच्या गॅलरीत येऊन खेळ बघायची. ओठ हलायचे तिचे, ती गुण मोजत असायची. एका संध्याकाळी कोर्टावरच्या अधिकाऱ्याने वर पाहिलं आणि अगदी गोड आवाजात म्हटलं, "बेटा, ये ऑफिसर्स के लिए है." आवाज चढवला नाही, अपमान केला नाही. ती खाली उतरून गेली. पुन्हा आली नाही. त्या स्टेशनवर अधिकाऱ्यांच्या मुलांपैकी स्क्वॉश खेळणारी त्या वर्षी दोन होती. जवानांच्या क्वार्टर्समध्ये शेकड्यांनी मुलं होती.

आता सीमेपलीकडे बघू या, कारण सीमेपलीकडे बघणं हे आपलं कामच आहे. पेशावरच्या ब्रिटिश ऑफिसर्स क्लबमध्ये एका कारभाऱ्याचा मुलगा चेंडू आणून द्यायचं काम करायचा. कोर्टांना छप्पर नव्हतं, साहेबांचे चेंडू बाहेर उडायचे आणि हा पळत जाऊन आणायचा. साहेब गेले की रिकाम्या कोर्टावर अनवाणी खेळायचा. त्याचं नाव हाशिम खान. १९४४ साली मुंबईत झालेली अखिल भारतीय स्पर्धा त्याने जिंकली. फाळणीनंतर त्याच्याच नात्यातला, मुंबईत राहिलेला अब्दुल बारी १९५० ला भारताकडून ब्रिटिश ओपन खेळायला गेला आणि फायनलपर्यंत पोचला. ज्याला आपण मुंबईत हरवत होतो तो फायनल खेळतो, हे हाशिमच्या जिव्हारी लागलं. पुढच्याच वर्षी पाकिस्तानच्या हवाई दलाने त्याला इंग्लंडला पाठवलं. पस्तिशी उलटलेल्या हाशिमने ब्रिटिश ओपन जिंकली आणि पुढे एकूण सात वेळा जिंकली. पाकिस्तानच्या स्क्वॉशचं सगळं साम्राज्य, जहांगीर आणि जानशेरपर्यंत, त्या चेंडू आणून देणाऱ्या पोरापासून सुरू होतं.

बारीला इंग्लंडला पाठवण्याची अक्कल आपल्याला एक वर्ष आधी सुचली होती, हे विसरू नका. पण त्यानंतर आपल्या मेसमधल्या मार्करच्या पोरांचं आपण काय केलं? मार्कर म्हणजे गुण मोजणारा, साहेबांबरोबर खेळणारा, रॅकेटच्या तारा ओढून देणारा माणूस. खेळ त्याच्या अंगात असतो. त्याच्या पोराला आपण मेस वेटर केलं.

"हा श्रीमंतांचा खेळ आहे, जवानाला काय त्याचं?" असं मला एका सीनियरनी विचारलं होतं. नौकानयन कुणाचा खेळ होता? बोट क्लबवाल्यांचाच ना? नाशिक जिल्ह्यात, चांदवडच्या दुष्काळी पट्ट्यात वाढलेला दत्तू भोकनळ फौजेत आला तोवर त्याने त्या खेळाची बोट पाहिलेली नव्हती. पुण्यात बॉम्बे सॅपर्सने त्याला बोटीत बसवलं. २०१६ ला तो रिओ ऑलिम्पिकमध्ये एकट्याची बोट घेऊन उतरला आणि २०१८ ला पालेमबांगहून सांघिक प्रकारातलं सोनं घेऊन आला. स्टीपलचेस हा शब्द बीड जिल्ह्यातल्या किती जणांना माहीत होता, महार रेजिमेंटच्या अविनाश साबळेच्या आधी? फौजेने दार उघडलं की काय होतं ते आपण डोळ्यांनी पाहिलं आहे. पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये तलवारबाजी आहे, डायव्हिंग आहे, तिरंदाजी आहे. यातला कुठला खेळ आपल्या गावच्या जत्रेत खेळला जातो? स्क्वॉश त्या यादीत नाही, आणि ऑलिम्पिकचा खेळ नव्हता तोवर ते समजण्यासारखं होतं. आता ती सबब गेली.

एक आक्षेप मात्र खरा आहे. एकोणीस-वीस वर्षांच्या रिक्रूटला बोटीत बसवून चार वर्षांत ऑलिम्पिकला नेता येतं. स्क्वॉशमध्ये ते होत नाही. मनगट आणि नजर आठव्या-दहाव्या वर्षापासून तयार व्हावी लागते. म्हणूनच माझा मुद्दा जवानापेक्षा जवानाच्या पोरांचा आहे. ती छावणीतच राहतात, कोर्टापासून सायकलवर पाच मिनिटांच्या अंतरावर. बाहेरच्या कुणा आईबापाला मुलाला स्क्वॉश शिकवायचा तर क्लबची मेंबरशिप काढावी लागते. इथे कोर्ट सरकारने बांधून ठेवलं आहे.

बाकीचे आक्षेप मला पाठ आहेत. पीटी शूजने लाकडी फरशीवर काळे डाग पडतात: मग डाग न पाडणाऱ्या तळव्याचे बूट वेल्फेअर फंडातून घ्या, दहा जोड पुरतात, एकाच वेळी दहा पोरं कोर्टावर मावत नाहीत. ९.७५ मीटर लांब आणि ६.४ मीटर रुंद, एवढी तर खोली आहे. विजेचं बिल वाढेल: पोरांना दुपारी चारला बोलवा. मेसची मर्यादा राहणार नाही: बऱ्याच मेसमध्ये कोर्टाला बाहेरून दार आहे, अँटेरूममधून जावं लागत नाही. आणि ज्या मर्यादेला दहा वर्षांची मुलगी धोका वाटते, तिची डागडुजी आधी करा. (हे वाक्य लिहून दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा राहू दिलं.)

यंदाच्या ग्लासगो कॉमनवेल्थ गेम्समधून स्क्वॉशला वगळलं आहे. हॉकी, कुस्ती, बॅडमिंटन गेले म्हणून आपण आरडाओरडा केला, तो रास्तच होता. स्क्वॉश गेल्याचं फारसं कुणाला जाणवलं नाही. २०३० चे गेम्स अहमदाबादला आहेत, तेव्हा स्क्वॉश परत आणा अशी मागणी होईल. जरूर आणावा. पण दुहेरीची दोन पदकं वाढतील या हिशेबाने आणणार असू, तर चार वर्षांनी पुन्हा हेच आकडे मांडत बसू. सप्टेंबरमध्ये नागोयाला एशियन गेम्स आहेत. तिथे एकेरीचे ड्रॉ निघतील ते नीट बघा. मलेशियाची निकोल डेव्हिड एकेरीची पाच सुवर्णं जिंकून निवृत्त झाली, तर हांगझोउला शिवसंगरी सुब्रमण्यम नावाची तिच्याच देशाची दुसरी मुलगी उभी होती, आणि तिनेही सोनं नेलं. आपल्याकडे सौरवनंतर रांगेत कोण आणि त्याच्यामागे कोण, हे बघा.

निवृत्त ज्येष्ठांना एक विनंती आहे. तुमच्यातले कित्येक जण पुणे, देवळाली, कामठी, अहिल्यानगर, बेळगावच्या छावण्यांच्या आसपास राहता. आम्ही बोललो तर ती तक्रार ठरते, तुम्ही बोललात तर सल्ला. स्टेशन कमांडरला एक पत्र लिहा. फार मोठं नको. कोर्ट किती वाजता उघडतं, किती वाजता बंद होतं, मधल्या वेळात तिथे कोण खेळतं आणि चावी कुणाकडे असते, एवढंच विचारा.