बादलीभर ऊन पाण्याचा हिशोब

दत्तजयंती जवळ आली की आमच्या शिरोळात थंडीला धार चढते. पहाटे नृसिंहवाडीला पायी निघालेली माणसं, नदीकडून येणारं बोचरं वारं, उसाच्या फडावर पसरलेलं धुकं... आणि घराघरांतून एकच हाक, "अगं, पाणी तापलं का?"

हाक घरातला प्रत्येक जण मारतो, पण उत्तर द्यायचं असतं एकटीनेच. आणि सगळ्यांच्या आंघोळी उरकल्यावर तळाशी जे कोमट-गार उरतं, तेही त्या एकटीच्याच वाट्याला येतं. मैत्रिणींनो, हे लिहिताना मी स्वतःलाही त्यातच धरते आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक मैत्रीण वैतागून म्हणाली, "वैनी, घरात माणसं तेवढीच, भाकऱ्या तेवढ्याच. मग सिलिंडर महिनाभरसुद्धा का पुरंना? कमी भरून येतोय काय?" लगेच चार जणींनी माना डोलावल्या. कुणाला गॅसवाल्याचा संशय, कुणाला शेगडीचा. मलाही तसंच वाटत होतं. म्हणून ठरवलं, आधी आपलं घर तपासू, मग दुसऱ्याला बोल लावू. प्रत्येकीने दिनदर्शिकेवर सिलिंडर लावल्याची तारीख लिहायची आणि पाणी किती बादल्या तापवलं तेही लिहायचं.

माझ्याच घरचं सांगते. उन्हाळ्यात चाळीस दिवस जाणारा सिलिंडर डिसेंबरात चोवीस दिवसांत संपला. चोर बाहेर नव्हता, न्हाणीघरातच होता!

आता थोडं गणित करू. घाबरू नका, मी स्वतः कला शाखेची. वीस लिटरची बादली अठरा अंशांवरून त्रेचाळीस अंशांपर्यंत तापवायला साधारण ५०० किलोकॅलरी उष्णता लागते. आपल्या शेगडीची निम्म्याहून थोडी जास्तच उष्णता भांड्याला लागते, बाकीची इकडेतिकडे जाते. म्हणजे एका बादलीला साधारण ७० ग्रॅम गॅस. सिलिंडर १४.२ किलोचा. पाच माणसांच्या पाच बादल्या धरल्या तर दिवसाला ३५० ग्रॅम, महिन्याला साडेदहा किलो. पाऊण सिलिंडर नुसता आंघोळीला! एप्रिल २०२५ च्या वाढीनंतर मुंबईत सिलिंडरचा दर ८५२ रुपये ५० पैसे झाला होता. त्या भावाने बादलीला चार रुपयांवर, महिन्याला सव्वासहाशे रुपये.

"मग विजेवर तापवू की," असं कुणी म्हणेल. त्याचंही गणित बघा. तीच बादली रॉडने तापवायला साधारण ०.६ युनिट लागतं. पाच बादल्यांना तीन युनिट, महिन्याला नव्वद. आता घरगुती विजेचे दर टप्प्यांचे आहेत. पहिली १०० युनिट स्वस्त. १०१ ते ३०० च्या टप्प्यात युनिटचा दर जवळपास दुप्पट. पंखे बंद असल्याने ज्या घराचा वापर हिवाळ्यात साठ युनिटच असतो, तिथे या नव्वदातली चाळीस स्वस्तात जातात आणि पन्नास महागात. ज्या घरात फ्रीज, टीव्ही, मोटर धरून शंभर आधीच ओलांडलेले असतात, तिथे सगळीच्या सगळी नव्वद महाग दराने पडतात, आणि मग वीज गॅसपेक्षा महाग ठरते. म्हणून शेजारणीला जे परवडतं ते आपल्याला परवडेलच असं नाही. आपलं मागचं बिल काढून आपण कुठल्या टप्प्यात आहोत ते आधी बघायचं.

थंडीतल्या खर्चावर जगात बरीच चर्चा होते. २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध पेटलं आणि युरोपात घर गरम ठेवण्याची बिलं आकाशाला भिडली. ब्रिटनमध्ये म्हाताऱ्या माणसांना हिवाळ्यात इंधनासाठी सरकार पैसे देतं. २०२४ मध्ये तिथल्या सरकारने ते बहुतेकांचे बंद केले, तर इतका गदारोळ झाला की २०२५ मध्ये पुन्हा बऱ्याच जणांना सुरू करावे लागले. आपल्याकडे घर गरम करायची यंत्रं नाहीत, म्हणून आपल्याला 'थंडीचं बिल' नाही असं सगळे धरून चालतात. पण ते आहे. ते बादलीत आहे, आणि ते स्वयंपाकाच्या गॅसमध्ये लपून बसलेलं असतं.

तुम्ही म्हणाल, पूर्वी कुठे होता हा खर्च? पूर्वी बंब होता. परड्यात जळणाची गंज होती. तुराट्या, शेणी, नारळाच्या करवंट्या, उसाचं चिपाड काय वाटेल ते बंबात जायचं. आमच्या आत्याबाई अजून म्हणतात, "एका बंबात आख्खं घर न्हायाचं, वर पाणी उरायचं." खरं आहे. बंबाच्या मधून जाळाची नळी जाते आणि पाणी चहूबाजूंनी तापतं, त्यामुळे उघड्या चुलीपेक्षा जळण कमी लागतं.

पण ते 'फुकटचं' जळण आता कुठे राहिलं? उसाच्या चिपाडावर कारखान्यांत वीज तयार होते, ती विकली जाते. म्हणजे चिपाडाला भाव आला. पाला शेतातच कुजवावा, जाळू नये, हे जमिनीसाठी योग्यच आहे. गोठ्यातली जनावरं कमी झाली, तशा शेणीही कमी झाल्या. आणि आपल्या तालुक्याला तर पुराचा शाप. २००५, २०१९, २०२१... कृष्णा-पंचगंगेचं पाणी घरात शिरलं तेव्हा भांडीकुंडी, धान्य गेलं ते सगळ्यांनी मोजलं. वर्षभराची जळणाची गंज वाहून गेली ती कुठल्या पंचनाम्यात आली? पुरानंतर कितीतरी घरांत चूल परत लागलीच नाही, सगळा भार गॅसवर आला.

आणि धुराचं काय? घरातल्या जळणाच्या धुरामुळे जगात वर्षाला सुमारे ३२ लाख माणसं दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा अंदाज आहे. आत्याबाईंचा हिवाळ्यातला खोकला मी वीस वर्षं ऐकते आहे. त्या बंबाचं कौतुक सांगतात, आणि सांगता सांगता खोकतात. तेव्हा 'जुनं ते सोनं' म्हणून हात झटकता येत नाहीत.

सरकारने आपल्याला धुरातून बाहेर काढायचा प्रयत्न केला, हे मान्य करायला हवं. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि दहा कोटींवर जोडण्या दिल्या गेल्या. पण भावाचा प्रवासही आठवून बघा. सप्टेंबर २०१२ मध्ये वर्षाला सवलतीचे फक्त सहा सिलिंडर, २०१३ मध्ये नऊ, २०१४ मध्ये बारा. २०१५ पासून अनुदान बँकेत येऊ लागलं आणि २०२० मध्ये बहुतेक घरांचं ते येणंच थांबलं. मार्च २०२३ मध्ये मुंबईत सिलिंडर १,१०२ रुपये ५० पैशांवर गेला. त्या ऑगस्टमध्ये दोनशे कमी झाले, मार्च २०२४ मध्ये शंभर कमी झाले, एप्रिल २०२५ मध्ये पन्नास परत वाढले. आपण वापरतो त्यातला निम्म्याहून जास्त गॅस परदेशातून येतो. त्यामुळे आखाती देशांत भाव हलला की आपल्या न्हाणीघरातलं पाणी गार होतं.

उज्ज्वलाच्या बहिणींना ऑक्टोबर २०२३ पासून सिलिंडरमागे तीनशेचं अनुदान मिळू लागलं. राज्य सरकारने २०२४ मध्ये अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर मोफत जाहीर केले. तरीही उज्ज्वलाच्या घरात २०२४-२५ मध्ये वर्षाला सरासरी साडेचारच सिलिंडर लागले. म्हणजे एक सिलिंडर ऐंशी दिवस! तो काय स्वयंपाक आणि आंघोळ दोन्ही करून ऐंशी दिवस पुरला? छे! गॅसवर चहा आणि पाहुण्यांचा स्वयंपाक, बाकी सगळं चुलीवर. योजनेचा हिशोब 'स्वयंपाकाच्या इंधना'चा आहे. आंघोळीचं पाणी त्यात कुणी धरलेलंच नाही.

मग घरात काटकसर कुठून सुरू होते? नवऱ्याच्या बादलीपासून? मुलांच्या? नाही. "मला काय, मी गार पाण्यानंही करीन," असं म्हणून ती सुरू होते आपल्यापासून. पाळीच्या दिवसांतही, कंबर दुखत असतानाही. बाळंतिणीच्या पाण्यावर कुणी हात आखडता घेत नाही, ही आपली चांगली रीत. पण चाळिशी-पन्नाशीतल्या बाईच्या सांधेदुखीला ऊन पाणी लागतं, हे तिला स्वतःलाही मान्य नसतं. काटकसर जरूर करू या, पण ती बादलीच्या तळाशी बसून नको.

आमच्या गटात ज्या युक्त्या करून बघितल्या, त्या सांगते.

पहिली, पाणी कुठलं घेता ते बघा. गच्चीवरच्या टाकीत रात्रभर राहिलेलं पाणी पहाटे बर्फ होतं. विहिरीचं, बोअरचं पाणी त्याच वेळी कोमट असतं. अठराऐवजी सव्वीस अंशांपासून सुरुवात केली तर तिसरा हिस्सा इंधन तिथेच वाचतं. मोटर रात्री लावायची ती पहाटे लावा, इतकंच.

दुसरी, भांड्यावर झाकण आणि आंघोळी एकापाठोपाठ. एक सहाला, एक आठला, तर पाणी दोनदा तापतं.

तिसरी, आपलं ऊन फुकट घालवू नका. डिसेंबरातही आपल्याकडे दुपारी ऊन चटकतं. काळ्या पिंपात भरून उन्हात ठेवलेलं पाणी दुपारी छान कोमट होतं. म्हाताऱ्या माणसांची आंघोळ, डोक्यावरून न्हाणं, धुणं दुपारी ठेवता येतं. ज्यांना झेपेल त्यांनी चार वर्षांचा हिशोब करून सोलर हीटरचा विचार करावा. विजेसाठी छतावर सौर पॅनेल लावायचे असतील तर फेब्रुवारी २०२४ च्या सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीनला ७८ हजार रुपये अनुदान ठेवलेलं आहे.

चौथी, आपल्याकडच्या खाऱ्या पाण्याने रॉडवर, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. थर बसला की पाणी उशिरा तापतं आणि कॉइल जळते. वेळच्या वेळी साफ करून घ्या.

पाचवी, दावणीला चार-पाच जनावरं असतील तर बंद पडलेला गोबरगॅस पुन्हा चालू करा. दोन घनमीटरचं संयंत्र चांगलं चाललं तर दिवसाला पाऊण किलोपेक्षा जास्त सिलिंडरच्या गॅसचं काम करतं. थंडीत गॅस कमी होतो. शेण कालवायला दुपारचं उन्हात तापलेलं पाणी घ्या, फरक पडतो.

आणि एक काटकसर चुकूनही करू नका, ती जिवाची. रॉड चालू असताना पाण्यात बोट घालून बघायचं नाही, आधी बटण बंद, मग प्लग काढायचा. गॅस गिझर बंद न्हाणीघरात नको. निखाऱ्यांची शेगडी दार-खिडक्या लावून खोलीत नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच जातो.

हे झालं ज्यांना घर आहे त्यांचं. आता घराबाहेर बघू. थंडी सुरू होते तेव्हाच ऊसतोड सुरू होते. बीडकडून, मराठवाड्यातून आलेल्या बायका आपल्या शिवारात खोपी घालून राहतात. एकीला मी विचारलं, "गावाकडं गॅस आहे नव्हं तुझा?" म्हणाली, "हाय की ताई, पर त्यो गावाकडं सासूपाशी. हितं पाल्यावर पाणी तापिवते. पहाटं तीनला गाडी आली तर तेबी नाही." पोटुशी होती ती. आपण बादलीला चार रुपये मोजतो, तिला मोजायलाही काही नाही.

उसात सत्तर टक्के तर पाणीच असतं. कारखान्यात रस आटवताना त्याच पाण्याची वाफ होते आणि गरम पाणी होऊन बाहेर पडतं. ते थेट आंघोळीला नको, पण त्याच्या उष्णतेवर स्वच्छ पाण्याची टाकी तापवणं काही अवघड नाही. तळावर चार न्हाणीघरं बांधून त्यात ते पाणी आणलं तर? ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी महामंडळ आहे, त्यासाठी टनामागे पैसे घ्यायचं ठरलेलं आहे. दर वर्षी जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत उसाच्या दरावर गर्जना होते, आणि ती व्हायलाच हवी. त्या मागण्यांत एक ओळ या बादलीचीही असायला काय हरकत आहे? आपले नवरे, भाऊ, दीर कारखान्यांचे सभासद आहेत. वार्षिक सभेत त्यांनी विचारावं, म्हणून घरात आपण विचारू या.

तोवर आपल्यापुरतं एक करू. दिनदर्शिकेवर तारीख लिहा, बादल्या मोजा आणि तो हिशोब रात्री जेवताना सगळ्यांसमोर ठेवा. मी ठेवला. पहिल्या दिवशी सगळे हसले. तिसऱ्या दिवशी थोरल्याने पहाटे उठून बोअरची मोटर लावली. आणि परवा आत्याबाई न्हाणीघराच्या दाराशी येऊन म्हणाल्या, "आज पयली आंघोळ तू कर, मी थांबते."

पाणी चांगलं कडकडीत होतं.