पासवर्ड फुटला तरी लॉगिन अडलं पाहिजे

यवतमाळ : आर्णी तालुक्यातलं शेंदुरसनी हे जेमतेम दीड हजार वस्तीचं गाव. २०२५ मध्ये अवघ्या तीन महिन्यांत इथल्या ग्रामपंचायतीच्या आयडीवर २७ हजारांहून जास्त जन्मनोंदी झाल्या. तपास सुरू झाला. पण गावाचा आयडी दुसऱ्याच्या हाती लागला, तर तो चालतोच कसा?

नुसत्या पासवर्डवरचं लॉगिन कुठूनही उघडतं. कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये मात्र कोणी कोणत्या संगणकावरून काम करायचं, हे ठरवून देता येतं. विंडोज सर्व्हरमध्ये ही सोय कधीचीच आहे. यादीबाहेरच्या संगणकावर बरोबर पासवर्ड टाकला तरी लॉगिन होत नाही. सरकारी पोर्टललाही असं बंधन घालता येईल.

अडचणी आहेतच. एकेका ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावं, त्यात लाइटचा भरवसा नाही. संगणक बिघडला की दाखले अडणार. म्हणून पंचायत समितीतला एक संगणकही यादीत हवा. रिमोट ॲपवरून संगणकच दुसऱ्याच्या ताब्यात दिला, तर हे कुलूपही निकामी.

तोवर ग्रामसभेत दर महिन्याच्या जन्मनोंदींचा आकडा मागा. गावात किती पाळणे हलले, हे गावाला ठाऊक असतंच.