जादा भरणा : एक खुलासा

संपादक महाशय,


सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत स्वतःच्या व अज्ञान कन्येच्या खात्यात प्रत्येकी दीड लक्ष रुपये भरावेत, हा आपल्या पत्रलेखकाचा सल्ला सद्हेतुमूलक असला तरी 2019 च्या योजनेशी सर्वथा विसंगत आहे. कारण पालकाचा स्वतःच्या व अज्ञानाच्या वतीने उघडलेल्या खात्यांतील एकत्रित भरणा वर्षाकाठी 1,50,000 रुपयांपुरताच मान्य होतो. मर्यादेबाहेरील रक्कम अनियमित ठरते, तिच्यावर व्याज मिळत नाही आणि ती वजावटीसही अपात्र असते, मात्र ती बुडत नाही, परत मिळते. ज्या नगरीतील राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीत देशाचे आयकर अधिकारी प्रशिक्षण घेतात, तेथेच हा गैरसमज नांदावा, हे नवलच! ज्यांच्याकडून असा भरणा झाला असेल, त्यांनी संबंधित टपाल कचेरीकडे वा बँकेकडे लेखी अर्ज करून जादा रक्कम परत मागावी, आणि आयकर विवरणपत्रात, जुनी करपद्धती स्वीकारली असल्यास, केवळ मान्य भरण्याचीच वजावट दाखवावी. चुकीचे विवरणपत्र आधीच दाखल झाले असेल, तर मुदतीच्या आत सुधारित विवरणपत्र सादर करावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर