तडा किती खोल, ते बिलावर लिहा

पावसाळ्यापूर्वीच्या तपासणीला गाड्या येऊ लागल्या की आपल्या व्यवसायात एक प्रश्न दिवसातून अनेकदा कानावर येतो. ग्राहक चाकाशेजारी उकिडवा बसतो, साइडवॉलवरच्या बारीक रेघांवर बोट ठेवतो आणि विचारतो, "दादा, हे चालेल ना?" उत्तरे बहुधा दोनच असतात. "काही होत नाही, वर्षभर बिनधास्त चालवा", नाहीतर "चारही बदलून टाका, कधी फुटेल सांगता येत नाही". दोन्ही उत्तरे उभ्याउभ्या, टायरला हात न लावता दिली जातात. पहिल्याने जिवाशी खेळ होतो. दुसऱ्याने ग्राहकाच्या खिशाला विनाकारण खड्डा पडतो आणि आपल्या शब्दाची पत जाते. तडा पुसून, वाकून, मोजून पाहावा आणि निकाल लेखी द्यावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

कारच्या रेडियल टायरमध्ये हवेचा दाब आणि गाडीचा भार पेलतात ते रबराखालचे दोर. बहुतेक टायरांत ते पॉलिएस्टरचे असतात, काहींत रेयॉनचे. स्टीलचे पट्टे ट्रेडखाली असतात, साइडवॉलला त्यांचा आधार नाही. बाहेरचे रबर दोरांना ऊन, पाणी आणि घासण्यापासून वाचवते; आतले इनर लायनर हवा धरून ठेवते. त्यामुळे तडा दिसला की पहिला प्रश्न हाच, की तो बाहेरच्या रबरात थांबला आहे की दोरांपर्यंत पोचला आहे.

या रबराचा मोठा शत्रू ओझोन. हवेत त्याचे प्रमाण अत्यल्प असते, तरी ताणलेल्या रबरातल्या रेणूंच्या साखळ्या तो तोडतो आणि ताणाच्या आडव्या दिशेने तडे पडतात. यापासून बचाव म्हणून रबरात मेण आणि 6-पीपीडीसारखी रसायने मिसळलेली असतात. चाक फिरताना साइडवॉल सतत वाकते आणि सरळ होते, आणि त्यासोबत ही द्रव्ये पृष्ठभागावर येत राहतात. गाडी उभी राहिली की हा पुरवठा मंदावतो, पण जमिनीलगतचा फुगीर भाग मात्र ताणलेलाच राहतो. गावच्या अंगणात गणपती आणि मे महिना सोडून उभी असलेली मुंबईकराची कार, मीटरवर जेमतेम काही हजार किलोमीटर आणि साइडवॉलवर जाळे, हे दृश्य कोकणातल्या आपल्या वाचकांना नवे नाही. "गाडी फारशी चाललीच नाही" हे अशा वेळी टायरच्या बाजूचे प्रमाणपत्र धरू नये.

इथेच एक आठवण करून देतो. आपल्यापैकी अनेकांच्या दुकानात नवे टायर कॉम्प्रेसरच्या मोटारीशेजारी किंवा वेल्डिंगच्या कोपऱ्यात रचलेले असतात. मोटारीतल्या ठिणग्या आणि वेल्डिंगचा आर्क, दोन्हींतून ओझोन तयार होतो. ते टायर आजच दुसरीकडे हलवा.

आता तपासणी. टायर आधी साध्या साबणाने आणि पाण्याने धुवावा. जुनी गाडी विकायला काढताना चोपडलेले काळे पॉलिश तडे झाकते. शिवाय पेट्रोलियमयुक्त पॉलिश रबरातले संरक्षक मेणही धुऊन काढते. हवा कंपनीने सांगितलेल्या दाबाइतकी भरावी, कारण मऊ टायरमध्ये तडा मिटतो. गाडी लिफ्टवर घेऊन चाक हाताने सावकाश फिरवावे आणि बॅटरीचा प्रकाश तिरका टाकावा. आतली, सस्पेन्शनकडची बाजू ग्राहकाला कधीच दिसत नाही, ती आपण पाहायचीच. रेघेच्या दोन्ही बाजूंना अंगठे दाबून ती उघडावी आणि बोथट टोकाच्या खोलीमापकाने मोजावी. टोच्या किंवा सुई घालू नये, तिने तडा वाढतो.

नख फिरवल्यावर न अडकणाऱ्या केसासारख्या रेघा वय सांगतात, धोका सांगत नाहीत. नख अडकते पण तळाशी काळे रबरच दिसते, तिथे मोजमाप लागते. तळाशी धाग्याचा पोत दिसला तर तो टायर दुकानातून पुन्हा रस्त्यावर जाता कामा नये.

मोजमापाचा एक आधार उपलब्ध आहे. मोटरहोमच्या टायरांसाठीच्या मिशेलिनच्या मार्गदर्शिकेनुसार 1/32 इंचापेक्षा, म्हणजे सुमारे 0.8 मिमीपेक्षा, उथळ तडा चालतो, 0.8 ते 1.6 मिमीचा तडा जाणकाराला दाखवायचा. त्याहून खोल असेल तर टायर ताबडतोब बदलायचा. पण मोटरहोमच्या टायरची साइडवॉल जाड असते. आपल्या लहान हॅचबॅकना हे आकडे जसेच्या तसे लावणे आम्हाला मान्य नाही. तिथे मधली पायरी काढून टाकावी आणि 0.8 मिमीच्या पुढे सरळ बदलायला सांगावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खोलीइतकीच जागाही पाहावी. साइडवॉलच्या वाकणाऱ्या भागात टायरभोवती गोल फिरत जाणारी तड्यांची साखळी दिसली, की कमी हवेवर किंवा जादा भारावर गाडी हाकल्याचा संशय घ्यावा. असा टायर रिमवरून उतरवल्याशिवाय निकाल देऊ नये. आत इनर लायनरवर गोल घासलेला, सुरकुतलेला पट्टा दिसला किंवा रबराची काळी पूड हाताला लागली, तर टायर बाद. बाहेरून तो कितीही तकतकीत असो.

फुगा आणि खळगी यांतही गल्लत होते. ट्रेडकडून बीडकडे उभी जाणारी उथळ खळगी बहुधा आतल्या प्लायच्या जोडाची असते. तिथे दोरांचे दोन पदर एकमेकांवर येतात, म्हणून तो भाग शेजारच्या भागापेक्षा कमी फुगतो. तिच्यामुळे टायर बदलायला लावणे चूक आहे. फुगा म्हणजे मात्र तिथले दोर तुटले आहेत. खड्ड्यात साइडवॉल रिमच्या कडेशी चिमटली जाते आणि दोर जातात. फुग्यावर एकही तडा नसला तरी तो टायर बाद. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधला नियम 94 उघड्या पडलेल्या दोराचा आणि जागेवर फुगलेला टायर सुस्थितीतला मानत नाही. तड्याची खोली तिथे मिलिमीटरमध्ये दिलेली नाही, म्हणून ती जबाबदारी आपल्यावर येते.

वय पाहिल्याशिवाय तर बोलूच नये. साइडवॉलवरच्या कोडचे शेवटचे चार अंक वाचावेत. 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. चार अंक एका बाजूला नसले तर ते दुसऱ्या बाजूला असतात. मिशेलिनचा सल्ला पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनी स्टेपनीसह निवृत्ती, असा आहे. स्टेपनीवर नक्षी नव्यासारखी असते म्हणून तिला सगळेच विसरतात, आणि ती चढते ती रात्री, घाटात, घाईत.

नक्षीवर विसंबण्याची किंमत इंग्लंडने मोजली आहे. 10 सप्टेंबर 2012 रोजी आइल ऑफ वाइटवरच्या संगीत महोत्सवातून लिव्हरपूलला परतणाऱ्या बसचा पुढचा टायर सरे परगण्यात हाइंडहेडजवळ फुटला आणि तिघांचा जीव गेला. टायर 19 वर्षांचा होता. टायरच्या वयाला तेव्हा तिथे कायद्याची मर्यादाच नव्हती. बळी गेलेल्या तरुणाच्या आईने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा 1 फेब्रुवारी 2021 पासून बस आणि ट्रकच्या पुढच्या ॲक्सलवर दहा वर्षांहून जुन्या टायरांना बंदी आली.

आपल्याकडे आता 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आहे, कारला ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. इतका वेळ सलग त्या वेगाने धावताना साइडवॉल वाकून वाकून तापते. हवा कमी असेल तर आणखीच. बाजारहाटाला फिरणाऱ्या गाडीला दिलेला "चालेल" नागपूरला निघालेल्या कुटुंबाला देता येत नाही. म्हणून गाडी कुठे जाणार आहे, हे विचारूनच निकाल द्यावा.

साइडवॉलच्या तड्याला दुरुस्ती नाही. पंक्चरची दुरुस्ती ट्रेडच्या मधल्या भागात, 6 मिमीपर्यंतच्या भोकासाठीच मान्य आहे. आतून गेटर लावणे, ट्यूबलेसमध्ये ट्यूब टाकून देणे, तड्यात सोल्यूशन भरून वर पॉलिश मारणे, हे सारे आपल्या बाजारात अजून चालते. ग्राहकाने गळ घातली तरी ते करू नये. ट्यूब हवा धरेल, तुटलेला दोर जोडणार नाही.

या महिन्यापासून प्रत्येक बिलावर एक रकाना सुरू करा. कोणते चाक, चार अंकी कोड, तडा कुठे, खोली किती, हवा किती भरली, आणि निकाल: "वापरा", "तीन महिन्यांनी दाखवा" किंवा "बाद". बाद टायर बदलायला ग्राहकाने नकार दिला तर तसे लिहून त्याची सही घ्या. ज्यांच्याकडे असा रकाना आधीपासून आहे, त्यांनी त्याचा नमुना आमच्याकडे पाठवावा. सर्वांना वापरता येईल असा मसुदा आम्ही पुढच्या अंकात छापू.