चौपन्नचा आकडा



गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी, मिस्सा आटोपून मंडळी पांगल्यावर, आमच्या खानापूर भागातील एक सेवानिवृत्त मास्तर माझ्याकडे आले. चारदा घडी घातलेला एक कागद त्यांनी खिशातून काढला. वय 71. रक्तातील क्रिएटिनिनवरून काढलेला मूत्रपिंडांच्या कार्याचा आकडा त्यावर होता : 54. "फादर, निम्मी मूत्रपिंडे गेली. शेत विकावे लागेल काय?" पंधरा दिवस त्यांना झोप नव्हती, घरी अवाक्षरही सांगितले नव्हते.

मृत्यूचे भय त्यांना नव्हते, हे मला लवकरच उमगले. शेजारच्या एका गृहस्थांना डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा बेळगावला नेत असत, ते त्यांनी पाहिले होते. मुलांवर तसे ओझे होण्याची त्यांना धास्ती होती.

दोघे मिळून डॉक्टरांकडे गेलो. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लक्ष सूक्ष्म गाळण्या असतात, आणि चाळिशीनंतर त्यांचे काम हळूहळू मंदावते, असे त्यांनी समजावले. आकडा 60 च्या खाली तीन महिन्यांहून अधिक काळ राहिला, तर त्याला दीर्घकालीन विकार म्हणतात. डायलिसिसचा विचार बहुधा तो 15 च्या खाली उतरल्यावर होतो; 54 वर असलेल्या बहुसंख्य वृद्धांवर तशी वेळ कधीच येत नाही. लघवीतून आल्ब्युमिन जाते काय, हे पाहणेही तितकेच महत्त्वाचे. ती तपासणी मास्तरांना कोणी सांगितलीच नव्हती.

"गुडघ्यांसाठी काय घेता?" डॉक्टरांनी विचारले. तेव्हा कळले, की दोन वर्षे रोज दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी! ती त्याच दिवशी बंद झाली. रक्तदाब वाढलेला. रात्र रात्र त्या आकड्याचा विचार करणारा हा मनुष्य रक्तदाबाची गोळी मात्र आठवण झाली तरच घेत होता. (आपल्यापैकी किती जण असेच वागतात, हे मी येथे विचारीत नाही.) लोणचे व सुके बांगडे कमी करावयाचे ठरले. कोणाच्या सांगण्यावरून ते घागरभर पाणी पीत होते, तेही थांबले. तहानेहून अधिक पाणी प्याल्याने मूत्रपिंडे सुधारत नाहीत. अनोळखी झाडपाल्याचे काढे तर डॉक्टरांनी साफ वर्ज्य सांगितले.

परतताना बसमध्ये मी एकच आग्रह धरला : घरी सांगा. संध्याकाळी त्यांनी पत्नीला सांगितले, तेव्हा मी ओसरीवर होतो. ती माउली बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणून तुम्ही जेवत नव्हता होय? मी समजले, माझ्याच हातून काही चुकले." आणि पदराने डोळे पुसून ती चहा ठेवावयास आत गेली.

तीन महिन्यांनी आकडा 57 आला. लघवीत आल्ब्युमिन नाही. पुढची तपासणी सहा महिन्यांनी. गुडघे मात्र दुखतात. त्यांची तक्रार मास्तर दर रविवारी करतात, आणि ती मला पूर्ण ऐकून घ्यावी लागते.