नकाशावर नसलेली वस्ती

संपादकांचे पत्र आले. "दिवाळी अंक आहे, सदर जरा खुसखुशीत होऊ द्या," असे त्यांनी नेहमीप्रमाणे बजावले आहे. पण वाचकहो, यंदा माझा विषय आहे नकाशे, आकडे आणि महापूर. फराळाच्या ताटात कारल्याची भाजी वाढावी तसा हा प्रकार झाला. तरी दोन घास घेऊन पाहा, एवढीच विनंती.

खरे म्हणजे माझे आणि आकड्यांचे कधीच जमले नाही. दहावीला गणिताने मला काठावरून सोडून दिले आणि मी मराठीच्या आश्रयाला आलो. घरचा जमाखर्च सौभाग्यवती पाहतात. निकालपत्रकातली गुणांची बेरीजदेखील मी शेजारच्या खुर्चीवरच्या प्राध्यापकांकडून गुपचूप तपासून घेतो. अशा माणसाची आकड्यांशी गाठ घालून दिली ती माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने.

२०१५ सालची गोष्ट. २५ एप्रिलला, शनिवारी, दुपारी बाराच्या सुमारास नेपाळात भूकंप झाला. जवळजवळ ९,००० माणसे त्यात गेली, पाच लाखांवर घरे पडली. हा मुलगा पुण्याला संगणकाच्या नोकरीत असतो. तेव्हा तो रजेवर घरी आला होता. काखेत ते यंत्र मारून तो आमच्या ओसरीवर हजर झाला.

"सर, नेपाळला मदत करायची का?"

मी खिशात हात घातला. "शंभराची नोट आहे, ती घे."

"पैसे नकोत सर. दोन तास डोळे द्या."

त्याने पडद्यावर एक चित्र उघडले. आकाशातून उपग्रहाने टिपलेला डोंगराळ मुलूख; पायऱ्यापायऱ्यांची शेती आणि मध्ये मध्ये तिळाएवढे ठिपके. ते ठिपके म्हणजे घरे. प्रत्येक घराभोवती चौकोन काढायचा, पायवाट दिसली की तिच्यावरून रेघ ओढायची, एवढेच काम. सगळा मुलूख लहान लहान चौकटींत वाटून दिलेला. आपण एक चौकट मागून घ्यायची, पुरी करायची, की दुसरा कोणी जाणता माणूस ती तपासतो. त्या दिवसांत जगाच्या कानाकोपऱ्यातून काही हजार माणसे असे चौकोन काढीत होती.

मी चश्मा पुसून बसलो. दोन तासांत अकरा घरे काढली. दुसऱ्या दिवशी तपासनिसाचा शेरा आला, की त्यांतल्या दोन गवताच्या गंजी आहेत! जन्मभर दुसऱ्यांचे पेपर तपासणाऱ्याचा पेपर कोणीतरी परदेशात बसून तपासला होता. सौभाग्यवतींना याचा फार आनंद झाला.

"पण अरे," मी त्या मुलाला विचारले, "घरं पडलीत, माणसं ढिगाऱ्याखाली आहेत, आणि आपण चित्रं काढतोय. याचा उपयोग काय?"

तो म्हणाला, "सर, मदत घेऊन निघालेल्या माणसाला वस्ती आहे हेच ठाऊक नसेल, तर तो जाणार कुठे?"

हे ऐकले आणि मला बापूमामा आठवले.

३० सप्टेंबर १९९३. आदल्याच दिवशी गणपती बोळवले होते. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादकडची गावेच्या गावे मातीत गेली. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या गावाने घरोघर भाकरी भाजल्या, कांबळी गोळा केली, आणि बापूमामा ट्रक घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी परत आले ते जेवायलाच बसेनात. मोठ्या रस्त्याला ट्रकांची रांग लागली होती. रस्त्यालगत भाकरीचे ढीग पडून राहिले होते, कपडे पायदळी जात होते. मामांनीही तिथेच माल उतरवला. परत फिरताना त्यांना एक म्हातारा भेटला. तो म्हणाला, आतल्या अंगाला आमची वस्ती आहे, तिकडे अजून कोणीच आले नाही. तेव्हा ट्रक रिकामा होता. "आधी कुणी सांगितलं असतं तर!" हे वाक्य मामा मरेपर्यंत म्हणत राहिले. पण सांगणार कोण? कुठली वस्ती कुठे, तिथे माणसे किती, वाट कुठून, याचा कागद त्या ट्रकवाल्यांपैकी एकाच्याही हातात नव्हता. सरकारी कचेरीत नकाशे असतीलही. पण कपाटातला नकाशा पहाटे चार वाजता कोणाच्या कामाचा?

वाचकहो, 'खुली माहिती' म्हणतात ती या दुखण्यावरची मात्रा. जी माहिती कोणालाही, परवानगीवाचून आणि पैशांवाचून, पाहता येते, वापरता येते आणि पुढे देता येते ती खुली. इंग्लंडात २००४ साली स्टीव्ह कोस्ट नावाच्या तरुणाने लोकांनीच काढलेल्या अशा नकाशाचा उद्योग आरंभला. त्याचे नाव ओपनस्ट्रीटमॅप. प्रथम लोकांना ते रिकामटेकड्यांचे काम वाटले. मग १२ जानेवारी २०१० ला हैती देशात भूकंप झाला. पोर्त-ओ-प्रँस ही राजधानी कोसळली, आणि या नकाशात त्या शहराचे मोठमोठे भाग कोरेच होते. उपग्रहांच्या मालकांनी आपली चित्रे वापरायला दिली, आणि शेकडो अनोळखी माणसांनी आपापल्या घरी बसून थोड्याच दिवसांत गल्लीबोळ भरून काढले. ढिगारे उपसणाऱ्या पथकांनी तोच नकाशा हातातल्या यंत्रात घालून घेतला. त्याच वर्षी या कामासाठी स्वयंसेवकांची एक कायमची संस्थाच उभी राहिली.

आता कोणी म्हणेल, आकाशातून सगळे दिसते तर मग अडचण कसली? अडचण ही, की आकाशातून छप्पर दिसते, नाव दिसत नाही. हे घर, ही शाळा, हा दवाखाना, हे जमिनीवरच्या माणसानेच सांगावे लागते. नेपाळचे दैव एवढेच, की काठमांडू लिव्हिंग लॅब्ज नावाच्या संस्थेतली तरुण मुले भूकंपाच्या आधीची दोन-तीन वर्षे शहरात पायी हिंडून शाळा आणि दवाखाने नकाशावर नोंदवीत होती. त्या वेळी त्यांनाही कोणी तरी "याचा उपयोग काय?" असे विचारलेच असेल. भूकंप झाला तेव्हा रेडक्रॉससारख्या संस्था त्या तयार पायावर उभ्या राहिल्या.

आणि नावांचा घोळ तर आम्हा मराठी माणसांना सांगायलाच नको. आपल्याकडे वडगावे किती? वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द, नुसते वडगाव, आणि त्यातही कोणी 'वडगांव' लिहितो, कोणी इंग्रजीत आपल्या मर्जीप्रमाणे. एका संस्थेच्या तक्त्यात एक नाव, दुसरीच्या तक्त्यात दुसरे. औषधे एका वडगावची आणि पोचतात दुसऱ्याच वडगावी. म्हणून आता प्रत्येक ठिकाणाला एक ठराविक क्रमांक देतात. नाव कसेही लिहा, क्रमांक एकच. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मदतकार्य खात्याने २०१४ साली अशा तक्त्यांचे एक खुले कोठार उघडले. कोणत्या जिल्ह्यात लोक किती, दवाखाने किती, कुठे दुष्काळ, कुठे निर्वासित, हे तिथून कोणीही उचलावे. दोन संस्थांचे तक्ते एकमेकांना जुळावेत म्हणून त्यांत मथळ्याखाली खुणेच्या शब्दांची एक ठराविक ओळ घालण्याची रीतही निघाली. व्याकरण हे फक्त भाषेलाच लागते असे नाही, हे पाहून मला बरे वाटले.

इथवर सगळे गोड झाले. कारले आता पुढे आहे.

ऑगस्ट २०१९. कृष्णा आणि पंचगंगा यांनी सांगली-कोल्हापूरकडे जो कहर केला तो वाचकांना आठवत असेल. ८ तारखेला ब्रह्मनाळला नाव उलटून माणसे बुडाली. कृष्णाकाठच्या आमच्या गावातही पाणी पेठेपर्यंत चढले. गूळ करायच्या काहिलीत बसवून लोकांनी शेजाऱ्यांना बाहेर काढले. आमच्या कॉलेजची मुले वरच्या मजल्यावर बसून फोनवर फोन करीत होती. मला नेपाळची आठवण झाली. मी म्हटले, आपणही तक्ता करू या आणि तो सर्वांना खुला ठेवू या. नाव, वस्ती, फोन, घरात माणसे किती, आजारी कोण, एकटे कोण. रात्रभर बसून मीच तो तयार केला, शुद्धलेखन तपासले, आणि पाठवून दिला. हा हा म्हणता तो गावोगावच्या फोनवर पोचला. दोन वस्त्यांवर होड्या गेल्या त्या या तक्त्यावरून. माझी छाती फुगली.

पाणी ओसरल्यावर पंधरा दिवसांनी मळीकडच्या वस्तीतला एक तरुण दारात आला. त्याची चुलती, साठी उलटलेली बाई, वस्तीत एकटी राहते. तिच्याकडे एक गृहस्थ येऊन गेला होता. तिचे नाव, फोन, सगळे त्याला ठाऊक. पुराच्या अनुदानाचा अर्ज भरतो म्हणाला, पासबुक पाहिले, यंत्रावर अंगठा घेतला. खात्यातले अकरा हजार रुपये गेले.

"सर, त्या माणसानं कागद दाखवला तिला. तुमचाच हाय तो. त्यात लिवलंय, एकटी राहती म्हणून."

मी काय बोलणार? 'एकटी राहते' हे दोन शब्द माझेच होते. मदत करणाऱ्याने ते वाचावेत म्हणून मी लिहिले. पण खुला कागद कोण वाचील हे लिहिणाऱ्याच्या हाती नसते. अकरा हजार मी भरून दिले. पण त्या बाईने पुढे सहा महिने कोणाला दार उघडले नाही, ते कशाने भरून देणार?

त्या काळात मी नेदरलँडची हकीकत वाचली. तिथे नागरिकांची नोंदणी फार चोख. नाव, पत्ता, धर्म, सारे काही कार्डावर. शांततेच्या काळात ती व्यवस्थेची शान होती. जर्मन सैन्य आले आणि ज्यूंची घरे शोधायला तीच कार्डे कामी आली. मार्च १९४३ मध्ये काही देशभक्तांनी आम्स्टरडॅमच्या नोंदणी कचेरीला आग लावली. त्यांत एक शिल्पकार होता, एक चित्रकार आणि लेखक होता. पुढे बहुतेकांना त्यासाठी प्राण द्यावे लागले. त्या देशातले एक लाखावर ज्यू मारले गेले. चोख माहितीचे हेही एक फळ.

मग काय, सगळे तक्ते कपाटात बंद करायचे? मलाही काही दिवस तसेच वाटले. पण बापूमामांचा रिकामा ट्रक डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी नेपाळनेच वाट दाखवली. भूकंपानंतर तिथे घरोघर जाऊन पाहणी झाली, आणि कोणत्या घराचे किती नुकसान, भिंती दगडाच्या की विटांच्या, ही सारी माहिती पुढे लोकांना खुली केली. पण घरमालकांची नावे काढून. मला हवे होते ते एवढेच. छप्पर, रस्ता, पूल, आड, शाळा ही सर्वांची. ती उघडी असावीत. माणसाचे नाव, फोन, दुखणे, एकटेपण हे त्याचे त्याचे. ते त्याला विचारल्याखेरीज घेऊ नये, आणि घेतले तर झाकून ठेवावे.

२०२० सालचा पावसाळा उतरल्यावर आम्ही पुन्हा आरंभ केला. या वेळी मुले पायी हिंडली. कोणता पूल आधी बुडतो, कोणती पाणंद शेवटपर्यंत चालू राहते, पक्क्या गच्चीची घरे कुठे, होडी लावायला उंचवटा कुठे, वस्तीवर माणसे किती आणि जनावरे किती. ते सगळे नकाशावर, सर्वांसाठी. एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांची यादी मात्र एका वहीत, आणि ती वही दोनच माणसांच्या ताब्यात. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा चढले. मळीकडच्या वस्तीवर होडी गेली ती पाणंदीच्या वाटेने, उजेड असतानाच. आणि तिथे किती माणसे आहेत हे होडीवाल्याला न विचारता ठाऊक होते. म्हणून जास्तीची खेप मारावी लागली नाही. महापुरात एका खेपेचे मोल काय, हे नदीकाठच्या वाचकांना सांगायला नको.

त्या वस्तीची नोंद करायला मी स्वतः गेलो होतो. मुलांना पाठवणे बरे दिसले नसते. आम्हाला मिळालेल्या कागदांवर ती नुसती 'वस्ती' होती. चुलतीने दार उघडले, पण उंबऱ्याच्या आतच उभी राहिली.

"मावशी, या वस्तीला म्हणतात काय?"

"घागरमळा. पयल्यापासनं घागरमळाच. का?"

"नकाशावर लिहायचं आहे. पुन्हा पूर आला तर माणसं नीट पोचतील."

तिने माझ्या हातातल्या कागदाकडे बराच वेळ पाहिले.

"लिवा की मग. मळ्याचं नाव लिवा," ती म्हणाली, "माझं नगा लिवू, मास्तर."

मी कागद तिच्यापुढे धरला. तिला वाचता येत नाही; पण भाच्याला हाक मारून तिने तो वाचून घेतला. कागदावर एकच शब्द होता. मग ती बाजूला झाली आणि म्हणाली, "या आत. चहा ठेवते."